गोठ्यातला स्टुडिओ

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, एकोणीस वर्षांची आहे आणि तिला ॲनिमेशन करायचं आहे. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या मुलाखतीला तिने जे काम नेलं त्यात लोकरीने विणलेला एक लांब नाकाचा प्राणी होता, पुठ्ठ्याची टेकडी होती आणि पाच सेकंदांची एक फिल्म होती. परीक्षकांनी सगळं पाहिलं आणि एकच शेरा दिला : 'नॉस्टॅल्जिक', म्हणजे जुन्या ब्रिटिश बालमालिकांच्या आठवणीत रमणारं. हालचाल जमली की नाही, प्राणी जिवंत वाटला की नाही, यावर अवाक्षर नाही. त्या रात्री तिचा फोन आला. रडत नव्हती, गोंधळली होती. "मावशी, बॅगपस ही मालिका १९७४ सालची आहे. तेव्हा आईसुद्धा जन्मली नव्हती, आणि आई तर सांगलीची. मग मला आठवण येते ती कशाची?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ब्रिटनमध्ये या विषयावर जो वाद चालतो त्यात तो कुणी विचारतच नाही. एखादी जुनी बालमालिका संगणकावर नव्याने येणार अशी बातमी आली की एक गट ओरडतो, आमच्या बालपणाची वाट लावली. दुसरा गट म्हणतो, तुमची वयं झाली, आताच्या मुलांना काही फरक पडत नाही. दोन्ही गट भांडतात ते चित्र कसं दिसतं यावर, आणि दोघांनाही खात्री असते की ही ओढ म्हणजे हरवलेल्या बालपणाची ओढ. माझं मत वेगळं आहे. कलाकार होऊ पाहणाऱ्या मुलांना त्या जुन्या ब्रिटिश मालिकांची जी ओढ वाटते ती काळाची नाही, कामाच्या पद्धतीची आहे. दोन-तीन माणसं, हाताशी असेल ते सामान, पाच ते पंधरा मिनिटांची लांबी, गोष्ट सांगणारा एक आवाज, आणि समोर 'करून आणा, बघू' म्हणणारी वाहिनी. त्या मुलांनी हे ओळखलं आहे. त्याला स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणं म्हणजे विद्यार्थ्याने बरोबर उत्तर लिहावं आणि आपण त्याचं अक्षर तपासत बसावं.

पद्धत म्हणजे काय ते जवळून पाहू. केंट परगण्यात कँटरबरीजवळ ब्लीन नावाचं गाव आहे. तिथे पीटर फर्मिन या चित्रकाराच्या शेतावर एक रिकामा गोठा होता. फर्मिन आणि ऑलिव्हर पोस्टगेट या दोघांनी १९५९ साली सुरू केलेल्या 'स्मॉलफिल्म्स'चं काम कित्येक वर्षं त्या गोठ्यात चाललं. पोस्टगेट लिहायचे, पुठ्ठ्याचे तुकडे आणि बाहुल्या हलवायचे, १६ मिलिमीटरचा कॅमेरा घरी बनवलेल्या खटक्याने एकेक फ्रेम पुढे न्यायचे आणि गोष्टही स्वतःच्याच आवाजात सांगायचे. फर्मिन चित्रं काढायचे, बाहुल्या घडवायचे. दिवसाला दोन मिनिटांची फिल्म तयार व्हायची, म्हणजे नेहमीच्या ॲनिमेशन स्टुडिओच्या दहापट. नोव्हेंबर १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरून चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्यांचे 'क्लँगर्स' पडद्यावर आले : एका चिमुकल्या ग्रहावर बिळं करून राहणारे गुलाबी प्राणी. ते फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी सुयांवर विणले होते. ते बोलत नाहीत, शीळ घालतात. पण त्या प्रत्येक शिळेमागे पोस्टगेट यांनी लिहिलेलं पुरं वाक्य आहे. आधी संवाद लिहायचा आणि मग सरकत्या दांड्याच्या शिट्टीवर तो वाजवायचा. मुलांना शब्द कळत नाहीत, पण आई रागावली की पोर रुसलं हे नेमकं कळतं, कारण लिहिणाऱ्याने तिथे खरोखरच राग किंवा रुसवा लिहिलेला असतो.

बॅगपसची गोष्ट तर मी कितीही वेळा सांगेन. ढगळ अंगाचा, गुलाबी पट्ट्यांचा कापडी बोका. त्याचे पट्टे मुळात नारिंगी व्हायचे होते. कापड रंगवताना कारखान्यात चूक झाली, ते गुलाबी आले, आणि दोघांनी ते तसेच ठेवले. मालिकेचे भाग फक्त १३. १९९९ साली बीबीसीने कौल घेतला तेव्हा प्रेक्षकांनी सगळ्यांत आवडती बालमालिका म्हणून हिचीच निवड केली. २०१६ साली लंडनला बेथनल ग्रीनच्या बालपण-संग्रहालयात या मंडळींच्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे भाचीला मीच घेऊन गेले होते. ती तेव्हा दहा वर्षांची. काचेपलीकडच्या क्लँगरकडे ती नाक टेकवून पाहत राहिली आणि म्हणाली, "आजीच्या टोपड्यासारखे टाके आहेत." इतक्या जवळून खरोखरच टाके मोजता येत होते. तिला भूतकाळ दिसला नाही. तिला दिसलं की हे कुणीतरी घरी बसून केलं आहे, आणि म्हणजे आपल्यालाही करता येईल.

सामान कमी असणं ही या परंपरेतली उणीव नव्हती, तिथूनच कल्पना निघत होत्या. गॉर्डन मरे यांच्या १९६७ च्या 'ट्रम्प्टन'मध्ये अग्निशमन दल दर भागात घंटा वाजवत निघतं, पण आग कधी विझवत नाही, कारण एकेका फ्रेमने ज्वाळा आणि पाणी हलवणं भलतंच अवघड. मग ते गावात कुणाचं तरी अडलेलं काम करतं आणि शेवटी बागेत बँड वाजवतं. मँचेस्टरच्या कॉसग्रोव्ह हॉल या स्टुडिओने 'डेंजर माउस'चे काही प्रसंग उत्तर ध्रुवावर नेले, बर्फाची पार्श्वभूमी रंगवावी लागत नाही म्हणून. काही प्रसंग मिट्ट काळोखात घडवले, नुसते डोळे लुकलुकतात. बॉब गॉडफ्री यांनी 'रूबार्ब'मध्ये मार्करच्या रेषा थरथरत्याच ठेवल्या, आणि त्या कुत्र्याचा उतावळेपणा त्या थरथरीतूनच येतो. पण मला सगळ्यांत जवळचा आहे तो आयव्हर वुड यांचा १९७६ चा पॅडिंग्टन. त्यात अस्वल तेवढं खरं, केसाळ, हातात धरता येईल असं. बाकीची माणसं, घरं, अख्खं लंडन कागदी. पेरूहून आलेला पाहुणा या शहरात परका आहे हे एक शब्दही न बोलता दिसतं. मी पहिल्या हिवाळ्यात इथे बसस्टॉपवर उभी राहायचे तेव्हा मला अगदी असंच वाटायचं : मीच एकटी जाड, लोकरीची, जागा व्यापणारी, आणि आजूबाजूचे सगळे सपाट, गुळगुळीत, आपापल्या ठिकाणी चिकटवलेले.

आता विरोधी बाजू. तिचे मुद्दे कच्चे नाहीत. पहिला मुद्दा असा की आपण गाळणीत उरलेलं पाहतो आहोत. त्या काळात सुमार मालिकाही निघाल्या, त्या विस्मरणात गेल्या, आणि उरलेल्या चारदोन रत्नांवरून आपण युगच सोन्याचं ठरवतो. शिवाय १९८२ साली चॅनल फोर सुरू होईपर्यंत ब्रिटनमध्ये वाहिन्या होत्या तीन. मुलांनी बॅगपस निवडला नव्हता, त्या वेळेला तोच लागायचा. हे सगळं खरं आहे. पण यातून सुमार मालिका विसरल्या का गेल्या ते कळतं, चांगल्या टिकल्या का ते कळत नाही. आणि पर्याय नव्हता म्हणून प्रेम जडलं असेल, तर हातातल्या फोनवर हजार पर्याय असलेली २००६ साली जन्मलेली मुलगी त्या १३ भागांपाशी का थांबते? जुन्या प्रेक्षकांना सवयीचा आरोप लागू पडेल. तिला कसा लागू पडणार?

दुसरा मुद्दा मला स्वतःला टोचतो. ते जग अरुंद होतं. ट्रम्प्टनच्या चौकात माझ्या भाचीच्या रंगाचं माणूस शोधून सापडत नाही. निवेदकाचा आवाज बहुतेक वेळा पुरुषाचा. ज्या हातांनी क्लँगर्स विणले ते जोन फर्मिन यांचे हात, पण नाव आधी घेतलं जातं ते दोघा पुरुषांचं. आणि आज 'जुनं ते आपलं, अस्सल ब्रिटिश' असं म्हणताना काहीजणांच्या मनात मालिका नसते, बाहेरून आलेल्यांबद्दलची अढी असते. अशा लोकांच्या पंगतीला माझ्या भाचीने बसू नये असं वाटणाऱ्यांचा हेतू मला कळतो. पण त्यासाठी इतिहासच त्यांच्या हवाली करायचा का? 'मॅजिक राउंडअबाउट' हे ब्रिटिश बालपणाचं लाडकं नाव घ्या. ती मालिका फ्रेंच. सेर्ज दानो यांची. १९६५ पासून बीबीसीसाठी एरिक टॉम्प्सन यांनी त्या चित्रांवर स्वतःच्या गोष्टी रचल्या, भाषांतराच्या फंदात पडलेच नाहीत. दानो यांच्याबरोबर काम केलेले आयव्हर वुड पुढे पॅडिंग्टन, 'वॉम्बल्स' आणि 'पोस्टमन पॅट' घडवतात. ब्रिटनचा १९५४ चा पहिला मोठा ॲनिमेशनपट करणाऱ्या जोडप्यातले जॉन हालस हंगेरीहून आलेले. मग अस्सलपणाची कोणती वंशावळ सांगायची? उलट गोठ्यात बसून दोघांना करता येईल अशा पद्धतीतच नव्या चेहऱ्याला लवकर वाव मिळतो. शंभर माणसांच्या निर्मितीत शंभर जणांची परवानगी लागते. लेस्टरच्या स्वयंपाकघरात विणलेल्या प्राण्याला आज्जीची मराठी शीळ देता येते, त्यासाठी कुणाच्या सहीची गरज नाही.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा. अशा कामाला आता नोकरी नाही, संगणक शिका. संगणक शिकायलाच हवा, यात वाद नाही. पण संगणक आणि ही पद्धत यांचं वैर आहे हे कुणी ठरवलं? २००४ साली आलेली 'पेपा पिग' संगणकावर केलेली आहे. नेव्हिल ॲस्टली, मार्क बेकर आणि फिल डेव्हिस या तिघांच्या छोट्या लंडनच्या स्टुडिओने पाच-पाच मिनिटांच्या भागांनी ती उभी केली. लहान मुलाने काढावं तसं चित्र, दोन्ही डोळे चेहऱ्याच्या एकाच बाजूला, टेकडीवर एक घर. तिच्यात केंटच्या गोठ्याचीच रीत आहे, फक्त अवजार बदललं. 'सारा अँड डक' आणि 'हे डगी' यांच्याबद्दलही मी हेच म्हणेन. याउलट प्लॅस्टिसिन या मातीच्या बाहुल्या हलवून फिल्म करणाऱ्या आर्डमन स्टुडिओने २००६ साली 'फ्लश्ड अवे' संगणकावर केला, कारण गोष्टीत पाणीच पाणी होतं आणि प्लॅस्टिसिन पाण्यात टिकत नाही. तोंडाच्या ठेवणीपासून हालचालीच्या लयीपर्यंत सगळं मातीच्या बाहुल्यांबरहुकूम ठेवलं. दिसायला आर्डमनचाच, तरी मला तो त्यांच्या घरचा वाटत नाही. आर्डमनचेच निक पार्क यांनी विद्यार्थी असताना १९८२ साली सुरू केलेली आणि १९८९ साली पुरी झालेली वॉलेस-ग्रोमिटची पहिली फिल्म पाहा, त्यात मातीवर उमटलेले बोटांचे ठसे दिसतात. ती माझ्या मनातून जात नाही.

मागे वळून पाहणारा कलाकार मागेच राहतो, हा समजही इतिहासाला धरून नाही. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कलावंत विल्यम मॉरिस यांना यंत्रावर काढलेल्या भडक मालाचा तिटकारा होता आणि मध्ययुगीन कारागिरांचं वेड होतं. १८६१ साली त्यांनी मित्रांबरोबर स्वतःची कंपनी काढली, १८९१ साली छापखाना काढला. त्या काळचे शहाणे त्यांना स्वप्नाळू म्हणू शकले असते. पण वस्तू घडवणाऱ्याचा हात आणि विचार एकत्र असावा हे त्यांचं म्हणणं पुढच्या पिढ्यांनी उचललं आणि १९१९ साली जर्मनीत बाउहाउस सुरू झालं, तेव्हा त्याच्या जाहीरनाम्याच्या मुखपृष्ठावर लाकडी ठशाने छापलेलं कॅथीड्रल होतं. विसाव्या शतकातल्या सगळ्यांत आधुनिक कलाशाळेने दारावर मध्ययुगातलं देऊळ लावलं! आपल्याकडे बालगंधर्वांची हुबेहूब नक्कल करणारे किती झाले आणि विरून गेले. कुमार गंधर्वांनी मात्र कार्यक्रमाला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. या नावातला 'उमजलेले' हा शब्द मला त्या परीक्षकांना द्यावासा वाटतो. विद्यार्थिनीच्या कामात जुनी छाया दिसली तर विचारायचं ते हे : यातलं तुला काय उमजलं?

आणि हो, वाईट स्मरणरंजन असतंच. ते बहुतेक वेळा मोठ्या कंपन्या करतात. २०१५ या एकाच वर्षात ब्रिटिश पडद्यावर थंडरबर्ड्स, क्लँगर्स, डेंजर माउस, बॉब द बिल्डर आणि टेलिटबीज पुन्हा अवतरले. त्यातले क्लँगर्स खरोखर चांगले उतरले, कारण ते विणलेलेच राहिले, स्टॉप मोशनमध्येच, म्हणजे एकेका फ्रेमनेच, हलले आणि स्वतः फर्मिन व पोस्टगेट यांचे चिरंजीव असे दोघे त्या कामात होते. बाकीच्यांबद्दल मत वेगळं असू शकतं, पण पाच जुनी नावं एकदम परत येतात तेव्हा नव्या नावांना जागा किती उरते? बॅगपसच्या एका भागात उंदीर पावाचा चुरा आणि घेवड्याचे दाणे घालून चॉकलेटची बिस्किटं काढणारी गिरणी चालवतात. बिस्किटांमागून बिस्किटं बाहेर पडताना दिसतात. सुतार पक्षी प्रोफेसर याफल मागच्या बाजूला जाऊन पाहतो तर बिस्किट एकच. उंदीर तेच मागून आत नेऊन पुन्हा पुढून काढत असतात. आजच्या बालवाहिन्यांचा मोठा भाग ही गिरणी आहे. मूळ कारागीर इतके हळवे नव्हते. गॉर्डन मरे यांनी १९८०च्या दशकात आपल्या बहुतेक बाहुल्या शेकोटीत जाळून टाकल्या. त्यांचं काम झालं होतं.

गिरणी का फिरते तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळा दोष कलाकारांच्या माथी येतो. २००७ पासून ब्रिटनमध्ये मुलांच्या कार्यक्रमांत जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या खाण्याच्या जाहिरातींवर बंदी आली. बंदी योग्यच होती, मी तिच्या बाजूची आहे. पण त्या जाहिरातींच्या पैशाची भरपाई कुणी केली नाही, आणि खासगी वाहिन्यांनी मुलांसाठी नवं करणं जवळपास सोडलं. २०१९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमार्फत बालप्रेक्षकांसाठी खास निधी सुरू झाला. तीन वर्षांचा प्रयोग म्हणून तो २०२२ साली बंद झाला. करसवलत आहे, पण करसवलतीचा फायदा होतो तो आधीच पैसे उभे केलेल्याला. गोठ्यातल्या दोघांना सवलत नको असते, त्यांना वर्षभर पुरेल इतकी बिदागी आणि संध्याकाळची पाच मिनिटं हवी असतात. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, पोस्टगेट यांना ज्यासाठी खटका बनवावा लागला ते काम फोनवर फुकट होतं. महाग झाला आहे तो अनोळखी माणसावर टाकलेला विश्वास. परवडेल की नाही याची चर्चा करायची तर या विश्वासाची करू. बोका लोकरीचा की पिक्सेलचा हे त्यानंतर.

मागच्या रविवारी मी लेस्टरला होते. भाचीने स्वयंपाकघराचं टेबल भिंतीला लावलं होतं, फोन पुस्तकांच्या चळतीवर चिकटपट्टीने बांधला होता. सेकंदाला बारा फोटो, पाच सेकंदांना साठ. प्राण्याच्या पोटात तांब्याची तार आहे, ती वाकवताना लोकर किंचित सरकते आणि पडद्यावर तो श्वास घेतोय असं वाटतं. तिने ते आधी ठरवलं नव्हतं, दुसऱ्या प्रयत्नात तिच्या लक्षात आलं. चाळिसाव्या फोटोला सूर्य ढगाआड गेला आणि पुढचे नऊ फोटो काळपट आले. मी म्हटलं, पडदे ओढ, दिवा लाव, पुन्हा सुरू कर. ती बराच वेळ ते नऊ फोटो पुढे-मागे करत राहिली. मग म्हणाली, "नको मावशी. त्याच्या ग्रहावरून आत्ता काहीतरी मोठं गेलं. त्याला वर बघायला लावते." आणि तिने चिमट्याने त्याची मान उचलायला घेतली, एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढी.